आयकराच्या चार तारखा आणि कोकणचा हंगाम

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

गणपती उठले, चाकरमानी मुंबईला परतले आणि आता १५ सप्टेंबर २०२५ तोंडावर आला आहे. यंदा या एकाच तारखेला दोन कामे आहेत. गेल्या आर्थिक वर्षाच्या (२०२४-२५) विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली गेली, आणि चालू वर्षाच्या (२०२५-२६) आगाऊ कराचा दुसरा हप्ता नेहमीप्रमाणे १५ सप्टेंबरलाच आहे. पहिल्या कामाची आठवण सगळे करून देतात. दुसऱ्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

चलनापासूनच सुरुवात करतो, कारण या आठवड्यात सर्वांत जास्त चुका तिथेच होणार आहेत. गेल्या वर्षाचा राहिलेला कर भरताना आयकराच्या पोर्टलवरच्या ई-पे टॅक्समध्ये करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष) २०२५-२६ आणि प्रकार ३००, म्हणजे स्वयंनिर्धारण कर, असे निवडावे लागते. चालू वर्षाचा हप्ता भरताना करनिर्धारण वर्ष २०२६-२७ आणि प्रकार १००, म्हणजे आगाऊ कर. चालू आर्थिक वर्ष २०२५-२६ आहे, म्हणून तोच आकडा चलनावर ठोकून दिला की हप्त्याचे पैसे गेल्या वर्षाच्या खात्यात जाऊन बसतात. पुढच्या जुलैत फॉर्म २६-एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा) काढला की हप्ता दिसत नाही, व्याज मात्र दिसते. वर्ष चुकले असेल तर चलन भरल्यापासून सात दिवसांत पोर्टलवरूनच दुरुस्तीचा अर्ज करता येतो. त्यानंतर करनिर्धारण अधिकाऱ्याकडे अर्ज करून वाट बघायची. म्हणून पैसे भरल्यावर चलनाची प्रत लगेच उघडावी आणि त्यावरचे वर्ष नीट पाहावे.

मुदतवाढीबद्दलही एक गैरसमज आहे. मुदत वाढली म्हणजे ५,००० रुपयांचे विलंब शुल्क (उत्पन्न ५ लाखांच्या आत असल्यास १,०००) पुढे गेले. कलम २३४-बी चे व्याज थांबलेले नाही. आगाऊ कर ९० टक्क्यांपेक्षा कमी भरला असेल तर ते १ एप्रिलपासून दरमहा १ टक्का चालूच आहे, आणि महिन्याचा एक दिवससुद्धा पूर्ण महिना धरला जातो. 'मुदत आहे ना' म्हणून जुलैऐवजी सप्टेंबरात कर भरणाऱ्याने दोन महिन्यांचे व्याज जास्त मोजले.

आता मूळ मुद्दा. टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला कर) वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त निघत असेल तर तो वर्षभरात चार हप्त्यांत भरायचा असतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. हप्ता कमी पडला तर कलम २३४-सी चे व्याज लागते. पहिल्या तीन हप्त्यांतल्या तुटीवर प्रत्येकी तीन महिन्यांचे, शेवटच्यावर एका महिन्याचे. समजा वर्षाचा कर १ लाख आहे आणि एकही हप्ता भरला नाही. तर ४५० अधिक १,३५० अधिक २,२५० अधिक १,००० असे ५,०५० रुपये फक्त हप्ते चुकल्याचे, आणि २३४-बी चे वेगळे. थोडी सवलत आहे: जूनमध्ये १२ टक्के आणि सप्टेंबरात ३६ टक्के भरले असतील तर त्या दोन हप्त्यांचे व्याज लागत नाही. डिसेंबर आणि मार्चला अशी सूट नाही.

हे वेळापत्रक दरमहा सारखे उत्पन्न असणाऱ्यांसाठी बेतलेले आहे. आपल्याकडे पैसा हंगामाने येतो. १५ जूनला मासेमारी बंदी चालू असते, होड्या झाप घालून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि घरात येते ती फक्त उसनवारी. पर्यटनाची दिवाळी आणि नाताळ पुढे असतात. पण २३४-सी चे व्याज वर्षअखेर निघालेल्या एकूण कराच्या टक्केवारीने मोजतात. नाताळात आलेल्या पाहुण्यांमुळे नफा वाढला तर त्या वाढीव कराच्या १५ टक्क्यांवर जूनपासूनचे व्याज लागते. जमीन किंवा शेअर विकून झालेला भांडवली नफा आणि लाभांश यांना कायद्याने यातून मोकळीक दिली आहे. उत्पन्न झाल्यावर उरलेल्या हप्त्यांत कर भरला की पुरते. हंगामी धंद्याला ही मोकळीक नाही. ती असायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोपर्यंत मागच्या वर्षाचा महिनावार हिशेब समोर ठेवून अंदाज बांधण्याला पर्याय नाही. चालू वर्षाचे आजवरचे प्रत्यक्ष आकडे, त्यात उरलेल्या महिन्यांचे गेल्या वर्षीचे आकडे मिळवायचे, आजवर कापलेला टीडीएस वजा करायचा आणि उरलेल्या करावर टक्केवारी लावायची. बँकेचे पासबुक, यूपीआयचा उतारा आणि पोर्टलवरचे एआयएस (खात्याकडे असलेल्या आपल्या व्यवहारांचे वार्षिक विवरण) हाताशी असेल तर तासाभराचे काम आहे. वर्षातून चारदा.

छोट्या धंदेवाल्यांना यातून एक सरळ वाट आहे, आणि ती कोकणच्या हंगामाला चांगली जुळते. कलम ४४-एडी खाली अनुमानित उत्पन्न दाखवणाऱ्याला चार हप्ते नाहीत. सगळा कर १५ मार्चपर्यंत एकदाच भरायचा. तोवर दिवाळी, नाताळ, शिमग्याची सुरुवात सगळे होऊन गेलेले असते. उलाढाल २ कोटींपर्यंत असावी (रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी). यूपीआयने वा बँकेतून आलेल्या जमेच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के हे किमान उत्पन्न. होमस्टेची वर्षाची जमा ३० लाख असेल, त्यातले २० लाख यूपीआयने आणि १० लाख रोख, तर १ लाख २० हजार अधिक ८० हजार, म्हणजे किमान २ लाख. किमान हा शब्द महत्त्वाचा. खरा नफा ९ लाख असेल तर ९ लाखच दाखवायचे. पाहुण्यांकडून रोख कमी घेतली की दोन टक्के वाचतात, एवढाच याचा अर्थ. दलाली, अडत, कमिशन यांना ही वाट बंद आहे, त्यामुळे बंदरावरचे मासळीचे दलाल आणि आंब्याचे अडते यात बसत नाहीत. आणि एकदा यात शिरून पाच वर्षांच्या आत कमी नफा दाखवून बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षे दार बंद, शिवाय उत्पन्न करपात्र मर्यादेवर असल्यास लेखापरीक्षण.

होमस्टेवाल्यांची दुसरी अडचण ऑनलाइन बुकिंगची. बुकिंग कंपनी आपले कमिशन कापून उरलेले पैसे खात्यात टाकते. पण एआयएसमध्ये पाहुण्याने भरलेली पूर्ण रक्कम दिसते, कारण ०.१ टक्का टीडीएस पूर्ण रकमेवर असतो. मालक पासबुकावरून जमा लिहितो, आकडे जुळत नाहीत आणि नोटीस येते. जमा पूर्ण लिहावी आणि कमिशन खर्चात दाखवावे. दर महिन्याचे कंपनीचे विवरण त्याच महिन्यात उतरवून घ्यावे. वर्षाने शोधायला गेले की सापडत नाही.

शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, हे बागायतदाराला सांगायला नको. शेती कुठे संपते हे मात्र सांगावे लागते. हापूसच्या पेट्या, नारळ, सुपारी, काजू बी, स्वतःच्या जमिनीवरच्या रोपवाटिकेतली कलमे ही शेती. बाग खंडाने दिली तर मिळालेला खंडही शेतीचाच. पण आमरस डबाबंद करून विकला किंवा काजू फोडून गर विकला, तर फळाची वा बीची बाजारभावाने किंमत होईल तेवढा भाग शेतीचा आणि वरचा नफा धंद्याचा. म्हणून ज्या दिवशी माल कारखान्यात गेला त्या दिवसाचा बाजारभाव कुठेतरी लिहून ठेवलेला असावा. झाडावरचे उभे पीक नुसते विकत घेऊन पुढे विकणाऱ्याचा नफा शेतीचा नाही. आणि मासेमारी आयकराच्या लेखी शेतीत मोडत नाही, कोळंबी प्रकल्पही नाही. हे अजून अनेक बंदरांवर लोकांना पटत नाही.

करमुक्त असले तरी शेतीचे उत्पन्न इतर उत्पन्नाचा कर वाढवते, आणि इथे हिशेब हमखास चुकतो. समजा मालवणात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांची जमा ३२ लाख आहे. डॉक्टरांसारख्या व्यावसायिकांसाठीच्या अनुमानित उत्पन्नाच्या कलम ४४-एडीए प्रमाणे जमेच्या निम्मे, म्हणजे १६ लाख उत्पन्न. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत शून्य, पुढच्या ४ लाखांना ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांना १०, मग १५, मग २०. १६ लाखांवर १ लाख २० हजार कर. आता घरच्या बागेतून खर्च जाऊन ४ लाख मिळाले असतील तर कर असा काढतात: १६ अधिक ४ अशा २० लाखांवर कर २ लाख, त्यातून ४ लाखांची करमुक्त मर्यादा अधिक शेतीचे ४ लाख, अशा ८ लाखांवरचा कर २० हजार वजा. उरले १ लाख ८० हजार. ४ टक्के उपकर धरून १,८७,२००. बाग नसती तर १,२४,८००. करमुक्त आंब्यामुळे ६२,४०० रुपये जास्त. हे पूर्ण १,८७,२०० रुपये १५ मार्चपर्यंत भरले नाहीत आणि जुलैत विवरणपत्राबरोबर भरले, तर २३४-सी चे १,८७२ आणि चार महिन्यांचे २३४-बी चे ७,४८८, असे ९,३६० रुपये नाहक जातात. शिवाय शेतीचे उत्पन्न ५,००० वर असल्याने त्यांना विवरणपत्राचा सोपा नमुना आयटीआर-४ चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. शेतीचे उत्पन्न ५ लाखांवर गेले तर विवरणपत्रात जमिनीचे क्षेत्र, पिनकोड, स्वतःची की भाड्याची, पाण्याखालची की पावसावरची हेही विचारतात. सातबारा तेव्हा शोधण्यापेक्षा आत्ताच काढून ठेवावा.

बागेचा खर्चही वर्षभर लिहावा लागतो. फवारण्या, राखण, तोडणी, पेट्या, पेंढा, वाशीपर्यंतचे भाडे. अडत्याच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब) तारखेने लावाव्यात. मार्चअखेरपर्यंतच्या पट्ट्या एका वर्षात, एप्रिल-मेच्या पुढच्या वर्षात. हंगाम एक असला तरी वर्षे दोन होतात. सगळा आंबा एकाच वर्षात धरला की वरच्यासारखा कर अकारण वाढतो.

नौकामालकांसाठी तीन गोष्टी. एक, रोखीने कोणाला एका दिवसात १०,००० रुपयांवर दिले तर तो खर्च मंजूर होत नाही. बर्फ कारखाना, जाळी दुरुस्ती, यांत्रिक कामे सगळे यात येते. मच्छीमाराकडून थेट मासळी घेणाऱ्या व्यापाऱ्याला यातून सूट आहे, दलालामार्फत घेणाऱ्याला नाही. दोन, हंगामाआधी खलाशांना दिलेली उचल हा खर्च नव्हे. ती हिशेबात वळती झाली की मगच पगार म्हणून खर्च. मार्चअखेर उरलेली उचल वेगळी दाखवा. तीन, डिझेलच्या कर परताव्याची रक्कम उत्पन्नात धरावी लागते. दोन वर्षांची थकबाकी एकदम जमा झाली तर त्या वर्षीचा हप्ताही त्या हिशेबाने वाढवावा. हिशेबाची पुस्तके ठेवणाऱ्यांना आणखी एक: लाकडी सांगाड्याच्या मासेमारी नौकेला घसारा २० टक्के, पण खरेदीच्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी निम्मा. १० लाखांची नवी नौका नारळी पौर्णिमेच्या सुमारास पाण्यात गेली तर २ लाख घसारा, दिवाळीनंतर गेली तर १ लाख. सीमारेषा ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पडते.

मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेले पेन्शनधारक बहुतेक गावांत आहेत. साठी ओलांडलेल्या आणि धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या रहिवाशांना आगाऊ कर लागत नाही. पण मागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली की ते धंद्याचे उत्पन्न होऊ शकते आणि ही सवलत जाते. ४४-एडी घेतले तर १५ मार्च ही एकच तारीख लक्षात ठेवायची, एवढे सोपे आहे. बँकेतील व्याज वर्षाला १ लाखावर गेले (साठीच्या आतल्यांना ५० हजारांवर) की १० टक्के टीडीएस कापला जातो. कर शून्य निघत असेल तर टीडीएस कापू नये यासाठीचा १५-एच अर्ज एप्रिलमध्येच, प्रत्येक बँकेत वेगळा द्यावा. साठीच्या आतल्यांचा अर्ज १५-जी. त्यात कर शून्य असून भागत नाही, व्याजाची एकूण रक्कमही ४ लाखांच्या करमुक्त मर्यादेत असावी लागते. पतपेढीतल्या ठेवींचे वेगळेच. बऱ्याच पतसंस्था सभासदांच्या व्याजावर टीडीएस कापत नाहीत, आणि कापला नाही म्हणजे व्याज माफ, असा समज घट्ट बसला आहे. ते व्याज पूर्ण करपात्र आहे. मार्चअखेर व्याजाचा दाखला मागून घ्या. संयुक्त खात्यात व्याज पहिल्या नावावर दिसते. पैसे वडिलांचे आणि पहिले नाव मुंबईतल्या मुलाचे असेल तर त्याच्या एआयएसमध्ये ते उमटते.

'१२ लाखांपर्यंत कर नाही' हेही अर्धेच खरे आहे. उत्पन्न ४ लाखांवर असेल तर विवरणपत्र भरावेच लागते, आणि ही सूट जमीन विक्रीच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला मिळत नाही.

पगारदारांचे थोडक्यात. ठेवीचे व्याज मालकाला कळवले तर तो पगारातूनच जादा टीडीएस कापतो, दुसरीकडे कापलेला टीडीएस १२-बीएए अर्जाने कळवता येतो. हप्त्यांच्या हिशेबात टीडीएस आधीच वजा होतो, त्यामुळे पगारदाराला तुटीचे व्याज सहसा लागत नाही. जुनी प्रणाली घ्यायची असेल तर एप्रिलमध्ये सांगा. जानेवारीत कागद दिले की फेब्रुवारी-मार्चचा पगार करातच जातो.

जमिनीचे व्यवहार. नगरपरिषदेच्या हद्दीबाहेरची शेतजमीन हवाई अंतराने ठरावीक पल्ल्याबाहेर असेल तर तिच्या विक्रीचा नफा करपात्रच नसतो. रत्नागिरी, चिपळूण, अलिबाग यांची लोकसंख्या गेल्या जनगणनेत दहा हजारांवर आणि लाखाच्या आत असल्याने इथे तो पल्ला २ किलोमीटर आहे. पण सातबाऱ्यावर पडीक किंवा नुसते गवत असेल तर ती 'शेतजमीन' होती हे सिद्ध करणे अवघड जाते. पीकपाहणी विक्रीच्या आधीची लागते. पल्ल्याच्या आतल्या वडिलोपार्जित जमिनीला १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, मात्र त्या वेळच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्यापेक्षा जास्त नाही. भावकीत वाट्याला १० लाख आले आणि २००१ ची किंमत २ लाख ठरली, तर १२.५ टक्क्यांनी ८ लाखांवर कर १ लाख. महागाई निर्देशांक ३७६ (म्हणजे २००१ च्या ३.७६ पट) लावला तर किंमत ७ लाख ५२ हजार, नफा २ लाख ४८ हजार, २० टक्क्यांनी ४९,६००. २३ जुलै २०२४ पूर्वीच्या जमिनीला निवासी व्यक्तीला यातला कमी कर लागतो. म्हणून नोंदणीकृत मूल्यांककाचा २००१ चा अहवाल खरेदीखताच्या आधीच करून घ्यावा. पैसे आल्यावर लगेचच्या हप्त्यात कर भरला तर हप्त्याचे व्याज लागत नाही. टोकन रोखीने २०,००० किंवा त्याहून जास्त घेऊ नये.

जाता जाता, १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो आहे. कलमांचे क्रमांक बदलतील, हप्त्यांच्या तारखा त्याच राहतील. करनिर्धारण वर्ष जाऊन 'कर वर्ष' येईल. या वर्षाच्या उत्पन्नाचा राहिलेला कर तेव्हा करनिर्धारण वर्ष २०२६-२७ मध्ये भरायचा आणि १५ जून २०२६ चा हप्ता कर वर्ष २०२६-२७ मध्ये. आकडे तेच, खाती दोन. पुढच्या जूनमध्ये चलन भरताना वर्षाच्या आकड्याआधीचे दोन शब्द वाचा.

आपले,
दोन करसल्लागार, रत्नागिरी आणि मालवण